बसच्या वाटेखालचे पाणी : पुण्यातील शाळांना एक खुले पत्र

पुणे शहरातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक आणि इतिहास-भूगोल शिकवणारे शिक्षक यांस,

सविनय नमस्कार.

मी शिक्षिका नाही. एका खासगी स्थापत्य कार्यालयात ३४ वर्षे आरेखक म्हणून नोकरी केली. दुसऱ्यांनी ठरवलेल्या इमारतींचे नकाशे काढले आणि वेळ झाल्यावर निवृत्त झाले. जन्म सदाशिव पेठेतल्या वाड्यातला. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, तेव्हा आम्ही धनकवडीला राहायला गेलो आणि तिथून पेठेतल्या कार्यालयात पीएमटीच्या बसने रोज जा-ये सुरू झाली. सांगायचा मुद्दा इतकाच की, ‘तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?’ या प्रश्नाला ताठ मानेने ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि हे पत्र मी त्या ताठ मानेविषयीच लिहीत आहे.

गेल्या वर्षी आठवीत असलेल्या माझ्या नातीला ‘माझे शहर’ या विषयावर प्रकल्प करायचा होता. तिने संध्याकाळी तासाभरात तो संपवला. निळ्या कार्डशीटवर शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, लाल महाल आणि सिंहगड यांची छापून आणलेली चित्रे, प्रत्येकाखाली इंटरनेटवरून उतरवलेल्या चार ओळी आणि कडेने चकाकणारी फीत. तिला दहापैकी नऊ गुण मिळाले. एक गुण कापला गेला तो शुद्धलेखनाबद्दल. तिच्या बाईंना मी दोष देत नाही. एकाच आठवड्यात असे पन्नास तक्ते तपासायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार? पण तक्ता भिंतीला टेकवून पाहताना माझ्या लक्षात आले की, आजीनेही तो प्रकल्प असाच केला असता. साठीपर्यंत माझे पुणे म्हणजे हीच चार चित्रे होती, वर थोडा पुणेरी पाट्यांचा विनोद आणि दुपारी एक ते चारच्या झोपेचे समर्थन. शहराचा अभिमान मला वाड्यातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखा वारशाने मिळाला होता. भांडी मी निदान घासत तरी असे.

निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून स्थानिक इतिहासाच्या एका अभ्यासवर्गात नाव घातले. त्याच्याबरोबर मोडी लिपी शिकायची होती आणि वर्षाअखेर एक निबंध लिहायचा होता. माझ्या बरोबरीच्या लोकांनी वाडे, देवळे, घराणी असे विषय घेतले. आमच्या मार्गदर्शकांनी माझा जुना व्यवसाय विचारला आणि म्हणाले, “तुम्हाला उतार कळतो. तुम्ही कात्रजचा नळ घ्या.” मला वाटले, त्यांनी उरलेला विषय माझ्या माथी मारला. पुढची दीड वर्षे मी त्याच विषयात बुडाले होते आणि अजून पूर्ण वर आलेले नाही.

कात्रजचा नळ ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी नावाने ऐकलेली असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगराखालच्या ओढ्यावर बांध घालून तलाव केले गेले आणि तिथले पाणी दगड-चुन्याच्या बंद मार्गाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. त्या काळी ‘नळ’ या शब्दाचा अर्थ आपल्या घरातल्या तोटीसारखा नव्हता. मुख्य नळ जमिनीखाली बांधून काढलेला, माणूस आत उतरून चालू शकेल एवढा उंच बोगदा होता. पुढे शहरात शिरल्यावर त्याला फाटे फुटत आणि हौदांना पाणी मिळे. अंतर सुमारे ८ ते १० किलोमीटरांचे. पंप नाही, इंजिन नाही, वाटेत कुठे पाणी उचलून वर टाकण्याची सोय नाही. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा नदीकाठी, एवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर ते पाणी चालत आले.

हे वाक्य वाचायला सोपे आहे. नकाशा काढायला बसले तेव्हा त्यातली अडचण कळली. उतार जास्त ठेवला तर पाणी जोरात येऊन चुन्याचा गिलावा खरवडते. कमी ठेवला तर गाळ वाटेतच बसतो आणि काही वर्षांत नळ तुंबतो. मधल्या टेकाडांना वळसा घालायचा, पण वळसा घालताना कमावलेली उंची घालवायची नाही. ठराविक अंतरावर विहिरीसारखी कुंडे ठेवायची, म्हणजे पाणी तिथे क्षणभर संथ होईल, गाळ तळाशी बसेल आणि वरचे निवळ पाणी पुढे जाईल. आत कोंडलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून जमिनीवर बांधीव खांब उभे करायचे, आतून पोकळ. त्यांना उच्छ्वास म्हणतात. या शब्दाने मला पहिल्यांदा या कामाविषयी आपलेपणा वाटला. कारण ज्या माणसाने दगडी नळाला श्वास सोडण्याची जागा ठेवली आणि तिला हे नाव दिले, तो नुसता हिशेब करणारा माणूस नसावा.

माझ्याकडे जुन्या सवयीने ट्रेसिंग पेपरची गुंडाळी होतीच. अभ्यासातून मिळालेल्या खुणा, म्हणजे तलाव, कुंडे, उच्छ्वास, हौद, एकेक करून मी ट्रेसिंगवर टिपत गेले आणि ठिपके जोडले. मग तो कागद शहराच्या आजच्या नकाशावर ठेवला. नळाची रेघ कात्रजहून निघून धनकवडीच्या बाजूने, पर्वतीच्या पायथ्याकडून पेठांत उतरत होती. मी पेन्सिल खाली ठेवली. थोड्याफार फरकाने ती माझ्या बसची वाट होती. हातात डबा आणि तोंडावर जांभई घेऊन ज्या वाटेने मी ३४ वर्षे पेठेत उतरले, त्याच वाटेने कधीकाळी शहराचे पाणी उतरत होते. आणि ते का, तेही आता कळत होते. डोंगराकडून नदीकडे जाणारा सोपा उतार एकच असतो. पाणी तो शोधते, बैलगाडी तो शोधते आणि पुढे रस्ता बांधणाराही तोच धरतो.

त्यानंतर मी ती वाट पायी चालले. एकदा नव्हे, सतरा-अठरा वेळा तरी. एका गल्लीच्या तोंडाशी कमरेएवढा चौकोनी दगडी खांब आहे. त्याच्या एका बाजूला शिकवणीवर्गाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला भाड्याने खोली मिळण्याची, माथ्यावर सिमेंटचा गोळा थापलेला आणि अंगाला टेकवलेली एक स्कूटर. माझ्या बसथांब्यावरून तो सरळ दिसे. पडक्या कंपाउंडचा उरलेला खांब अशी मी त्याची समजूत करून घेतली होती, किंवा खरे सांगायचे तर तेवढीही केली नव्हती. जाहिरातीचा कागद सुटला होता तिथे बोट फिरवले तेव्हा दगडांमधल्या दरजा लागल्या आणि त्यांतला चुना, जो सिमेंटसारखा खरखरीत नसतो, घासून गुळगुळीत झालेल्या पाट्यासारखा लागतो. स्कूटरवाला बाहेर आला आणि काय शोधता म्हणून विचारू लागला. मी म्हटले, हा उच्छ्वास आहे. तो म्हणाला, हा आमच्याच हद्दीत आहे. आम्ही दोघेही खरे बोलत होतो.

पेठांमधल्या हौदांच्या नावांचेही असेच झाले. बदामी हौद, काळा हौद, फडके हौद, नाना हौद ही नावे आपण चौकांची आणि थांब्यांची म्हणून घेतो. रिक्षावाल्याला सांगतो, पत्त्यात लिहितो. शहराने आपल्या पाण्याचा नकाशा पत्त्यांमध्ये जपून ठेवला आहे आणि आपण तो रोज न वाचता पोस्टात टाकतो. कात्रजचा नळ एकटा नव्हता, हेही मला माहीत नव्हते. नाना फडणीसांनी आंबेगावाकडून वेगळा नळ आणला, सरदार रास्त्यांनी कोंढव्याकडून आणला. १८८५ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये या नळांच्या नोंदी आहेत. ज्या आंबेगावाकडून पेठेला पाणी येत होते, ते आंबेगाव २०१७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले आणि आता तिथल्या अनेक सोसायट्यांच्या फाटकाशी उन्हाळ्यात टँकर उभे असतात. हा टोमणा नाही. सातवी-आठवीच्या मुलांसमोर ही एवढीच माहिती ठेवावी आणि ‘असे का झाले असेल?’ एवढेच विचारावे. एक सहामाही पुरणार नाही.

अभ्यासाने शहराचे फक्त कौतुकच वाढते अशी आपली समजूत असेल तर इथे मला थांबून काही सांगावे लागेल. नळाच्या कारागिरीने मी भारावले होते आणि माझा निबंध स्तुतिस्तोत्राच्या वाटेला लागला होता. मार्गदर्शकांनी कच्चा मसुदा वाचून समासात एकच प्रश्न लिहिला : हौदावर कोण जाऊ शकत होते? मी त्याचा विचारच केला नव्हता, आणि तो न करणे मला परवडत होते, कारण माझ्या वाड्यातल्या कोणालाही हौदावरून हाकलले गेले नव्हते. ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांना भरल्या हौदावर हात लावण्याची सोय नव्हती. वर उभ्या असलेल्याने ओंजळीत ओतावे तेव्हा पाणी. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद सर्वांसाठी खुला केला, हे वाक्य मी शाळेत पाठ केले होते आणि सनावळीत त्याला दोन गुणही मिळवले होते. पण नळ, कुंड, उतार, हौद हे सगळे हाताने रेखाटून झाल्यावर ते वाक्य पुन्हा वाचले, तेव्हा त्याचे वजन कळले. शंभर वर्षांहून अधिक काळ डोंगरावरून इतक्या कौशल्याने पाणी शहरात येत होते, ते शहरातल्या प्रत्येकाच्या घागरीपर्यंत पोचलेच नव्हते. आणि जे शेवटचे काही हात अंतर कोणत्याही गवंड्याला कापता आले नाही, ते गंज पेठेतल्या एका घराने आपल्या दारात कापले. ती वास्तू आता समताभूमी म्हणून जपली आहे. माझ्या जन्मघरापासून ती पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. मी पहिल्यांदा तिथे गेले ते वयाच्या बासष्टाव्या वर्षी, निबंधासाठी.

पाण्याच्या मागे लागले की ओढाही येतो. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा हा या सगळ्या गोष्टीतला मूळ पुरुष. पेशवाईत त्याचा शहरातला प्रवाह पश्चिमेकडे वळवला गेला आणि त्याने सोडलेल्या जमिनीच्या आजूबाजूला पेठा वाढल्या. पर्वतीच्या पायथ्याशी त्याच ओढ्याच्या पाण्यावर तळे झाले, तळ्यात बेट ठेवले गेले आणि बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपतीची स्थापना झाली. आज सारसबागेत हिरवळीवर बसून भेळ खाणाऱ्या मुलाला ‘तळ्यातला गणपती’ हे नाव ऐकवावे आणि तळे कुठे आहे ते विचारावे. तो ज्याच्यावर बसला आहे ते तळे आहे, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येते, ते मी माझ्या नातीच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. तिने आधी खाली पाहिले, मग बागेच्या चारी कडांकडे पाहिले आणि म्हणाली, “म्हणून हे सगळे खोलगट आहे.” बाग खोलगट आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही तिथे साठ वर्षे येत होते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो पूर आला, त्यात अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांतल्या भिंती कोसळल्या, गाड्या कागदासारख्या वाहून गेल्या आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. त्याच्या आदल्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळची घरे पाण्याखाली गेली होती. या दोन्ही वेळी मी बातम्या पाहिल्या आणि हळहळले. अभ्यास झाल्यावर तेच दोन प्रसंग माझ्या ट्रेसिंगवर आले. खडकवासल्याचा कालवा, जुन्या नळाची रेघ आणि वळवलेला ओढा पर्वतीच्या आसपास एकमेकांच्या किती जवळून जातात, ते कागदावर दिसले. ओढ्याला आपली जुनी वाट आठवते, असे लोक म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. पाण्याला फक्त उतार कळतो. आठवण ठेवण्याचे काम आपले होते.

माझ्या आईचे पानशेतचे किस्से मी लहानपणापासून ऐकत आले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. मी दोन वर्षांची होते. आमच्या वाड्याच्या पायरीला पुराचे पाणी लागले नाही, आणि आई नेहमी हे सांगून पुढे म्हणायची की, पूर परवडला, नंतरचे दिवस नको. कारण खडकवासलाच रिकामा झाल्यावर नळाला पाणी कुठून येणार? मागल्या चौकातला आड, जो कित्येक वर्षे कोणी वापरत नव्हते आणि ज्यात मुलांचे चेंडू पडत, तो दोन पुरुषांनी उतरून उपसला आणि आळीपाळीने घागरी भरल्या. हा किस्सा मी पन्नासदा ऐकला असेल, पण तो शहराच्या इतिहासाचा भाग आहे असे माझ्या कधी मनात आले नाही. तो आईचा किस्सा होता. आता मला वाटते की, प्रत्येक वर्गात असा किस्सा माहीत असलेली दोन-चार घरे असतीलच, आणि ती माणसे ऐंशीच्या पुढची आहेत.

थोडे कागदांविषयी. पुण्यात पुराभिलेखागार आहे. तिथे पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, हेही मी तिथेच शिकले. सदाशिव पेठेत १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. त्याच्या दारावरून मी शाळेत जात असे. आत जाण्यासाठी कोणी तरी मोठे असावे लागते, अशी माझी कल्पना होती. मोडीचा पहिला कागद हातात आला तेव्हा वाळलेल्या वेलीसारखी ती अक्षरे पाहून मी आशा सोडली होती. तीन आठवड्यांनी कोणाच्याही मदतीविना मी पहिला शब्द वाचला, आणि तो ‘मौजे’ होता. गावाच्या नावाआधी येणारा हा अगदी रोजचा शब्द. मला वाटत नाही की, नोकरीतल्या कोणत्याही बढतीने मला तेवढा आनंद झाला होता.

आता विनंती. मी नवा विषय मागत नाही आणि पाठ्यपुस्तकातले एकही पान बदलायला सांगत नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासात आजवर मुले आपला जिल्हा शिकत आली. चौथीत महाराष्ट्र येतो, मग देश, मग जग. क्रम बरोबर आहे, पण त्यामुळे स्वतःच्या गावाचा अभ्यास आठव्या वर्षी संपतो, म्हणजे ज्या वयात प्रश्न विचारता येत नाहीत त्या वयात. पुढे नववीत मुलाला उतार काढता येतो, समोच्च रेषा कळतात, मुलाखत घेता येते, आणि तेव्हा त्याच्यासमोर त्याचे शहर नसते. प्रकल्प तर आपण दरवर्षी करून घेताच. त्यांतला एक, फक्त एक, शाळेपासून पंधरा मिनिटे पायी चालण्याच्या अंतरातल्या कोणत्याही एका गोष्टीवर करावा आणि त्यात छापून आणलेले चित्र चालणार नाही एवढी अट घालावी.

ही गोष्ट पेशवाईतलीच असली पाहिजे असे मुळीच नाही, आणि पेठांबाहेरच्या शाळांनी हे पत्र आपल्यासाठी नाही असे समजू नये. उलट त्यांच्याकडे अधिक ताजा विषय आहे. येरवड्याच्या शाळेला १८५० मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून पूर्ण झालेला मुठा-मुळेवरचा बंधारा जवळ आहे, आणि १९३२ चा पुणे करार जिथे झाला तो तुरुंगही. कसब्याच्या शाळेला नागझरी आहे, जिचा वास सगळ्यांना माहीत आहे आणि नाव थोड्यांना. १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये जी गावे महापालिकेत आली, तिथल्या शाळांच्या पटावर तर दोन्ही प्रकारची मुले आहेत : ज्यांच्या आजोबांचे शेत आज पार्किंग आहे ती, आणि ज्यांचे आई-वडील त्या पार्किंगवरच्या इमारतीत दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून राहायला आले ती. ‘मूळचे पुण्याचे कोण?’ या प्रश्नात मला आता रस उरलेला नाही. अभ्यासवर्गात माझ्या शेजारी बसणारा तरुण लातूरहून नोकरीसाठी आलेला होता आणि नागझरीविषयी त्याला माझ्यापेक्षा दहापट माहिती होती.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असे नाही. माझी धाकटी बहीण शिक्षिका होती. निवडणुकीची कामे, जनगणनेची कामे, ऑनलाइन भरायच्या माहितीचे तक्ते आणि त्यातून उरलेल्या वेळात शिकवणे, हे मी तिच्या घरी पाहिले आहे. पन्नास मुले रस्त्यावर न्यायची म्हणजे परवानगी, वाहतूक, पालकांचे फोन. म्हणून सहल काढा असे मी म्हणतच नाही. पाच-पाच मुलांचे गट करावेत आणि आपापल्या गल्लीत, आपापल्या घरच्यांबरोबर त्यांनी पाहावे. साधनही स्वस्त आहे. गवंडी समपातळी काढायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, एक मोजपट्टी आणि वही. नातीने आणि मी आमच्या इमारतीपुढच्या रस्त्याचा उतार त्या नळीने मोजला. सपाट दिसणारा तो रस्ता शंभर पावलांत चांगला वीतभर उतरतो आणि तोही ओढ्याच्या दिशेने. त्या दिवसापासून पाऊस सुरू झाला की ती गॅलरीत उभी राहून पाणी कुठे वळते ते पाहते. जून महिन्यात वर्तमानपत्रात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचा टीएमसीतला, म्हणजे अब्ज घनफुटांतला, साठा छापून येतो, तो पूर्वी फक्त मी वाचत असे.

गुण देण्याची काळजी वाटत असेल तर माझ्या मार्गदर्शकांची पद्धत सांगते. निबंधात किती बरोबर लिहिले यापेक्षा ‘हे तुम्हाला कसे कळले?’ या प्रश्नाचे उत्तर ते मागत. पाहिले, मोजले, कोणाकडून ऐकले, कोणत्या कागदात वाचले. ऐकीव असेल तर तसे लिहायचे. शनिवारवाड्याखालचे भुयार थेट पर्वतीपर्यंत जाते, ही कथा पुण्यात प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. मीही ती नातीला रंगवून सांगितली होती. नळाचा अभ्यास झाल्यावर मला शंका येते की, माणूस चालू शकेल एवढ्या त्या दगडी नळाची कुठेतरी उघडी पडलेली तोंडे पाहूनच अशा कथा जन्मल्या असाव्यात. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही, आणि निबंधात मी तो तसाच लिहिला. तेवढ्या एका परिच्छेदाखाली समासात ‘छान’ असे लिहून आले.

माझा ट्रेसिंगवरचा नकाशा आता बऱ्यापैकी पूर्ण आहे. त्याच्या प्रती काढून मी ज्या शाळेला हव्यात तिला देईन. शाळेने बोलावले तर मुलांबरोबर सारसबागेपासून बदामी हौदापर्यंत चालेन, गुडघे साथ देतील तोवर. नकाशात नळाची रेघ मी दोन प्रकारे काढली आहे. जिथे खूण प्रत्यक्ष पाहिली तिथे सलग, आणि जिथे दोन खुणांमधला भाग अंदाजाने जोडला तिथे तुटक. सर्वांत लांब तुटक रेघ दाट वस्तीच्या एका पट्ट्यात आहे, जिथे मी चार वेळा जाऊन आले आणि दारे बंद असल्यामुळे परतले. अनोळखी म्हातारीला लोक अंगणात शिरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्या घरांतली मुले सकाळी दप्तर घेऊन तुमच्याच शाळांत येतात. अंगणात पोकळ दगडी खांब आहे का, आणि आजी त्याला काय म्हणते, एवढे त्यांना विचारून पाहावे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरेखक, धनकवडी, पुणे